यम्नासाठी पातं

वैभवी अमरावतीची. कॉलेजात असताना राज्याच्या संघातून तिरंदाजी खेळलेली. लग्नानंतर निनादबरोबर दुबईला आली आणि मुलगी सृष्टी शाळेत जायला लागल्यावर अल बर्शाजवळच्या एका क्लबात कोच म्हणून लागली. आठवडाभर ऑफिसातली माणसं, शनिवारी लहान मुलं, असे तिचे क्लास. कागदी टार्गेट सोडून तिनं आयुष्यात कशावर बाण मारला नव्हता.

त्यामुळे यम्नानं टेबलावर शिकारीच्या बाणांची तीन तऱ्हेची पाती मांडून यातलं कुठलं नेऊ असं विचारलं, तेव्हा ती नुसती पाती उलटीपालटी करून बघत राहिली.

यम्ना क्लबाची जुनी मेंबर. पन्नाशीकडे झुकलेली, मोकळ्या स्वभावाची एमिराती बाई. हिंदी आपल्यासारखंच बोलायची. इथलं ऊन असह्य झालं की ती आणि तिचा भाऊ हुमैद दरवर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका फार्मवर जात. तिथे परवाना काढून धनुष्यानं शिकार करता येते. पण एका अपघातात यम्नाचा उजवा खांदा मोडला आणि ऑपरेशननंतर तिला पहिलं जड धनुष्य ओढवेना. तिनं हलकं घेतलं. त्याच हलक्या धनुष्यानं गेल्या वर्षी तिनं एका कुडूला बाण मारला. कुडू म्हणजे सांबराएवढं, पिळदार शिंगांचं हरीण. बाण अर्धवटच घुसला, कुडू झाडीत शिरला आणि शोधून शोधून सापडला नाही. परत आल्यावर यम्ना कितीतरी महिने क्लबात फिरकलीच नव्हती.

“मला मोठी शिंगं नकोत, कोच,” ती वैभवीला म्हणाली. “जनावर पुन्हा तसं हरवायला नको, एवढंच हवंय.”

शिकारीच्या बाणाला साधं टोक चालत नाही. जनावर चटकन मरावं म्हणून पुढे ब्लेडसारखं धारदार पातं लावतात, त्याला ब्रॉडहेड म्हणतात. हुमैदनं बहिणीला आणून दिलेली ब्रॉडहेड्स भारीतली होती. बाण उडताना त्यांची पाती मिटलेली असत आणि आदळल्यावर उघडत. जखम रुंद होते, रक्ताचा माग ठळक पडतो, असं त्याचं म्हणणं. गेल्या वर्षीही हीच वापरली होती. दुसऱ्या तऱ्हेत तीन पाती होती, न मिटणारी. तिसरी दिसायला अगदीच साधी, सुरीच्या टोकासारखी, दोन धारांची.

वैभवीनं सरळ सांगितलं की शिकारीतलं मला काही कळत नाही. पण तुमच्या बाणात किती जोर असतो आणि तो कुठे खर्च होतो, ते आपण बघू शकतो. यम्ना हसली. एवढ्या दिवसांत तिला प्रत्येकानं सल्ला दिला होता. ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.

क्लबाचे मॅनेजर खैरुद्दीन आधी ब्रॉडहेड्सना नाहीच म्हणाले. मग सकाळी इतर कोणी यायच्या आत, बाहेरच्या रेंजवर, आणि मी स्वतः उभा राहीन, या अटींवर तयार झाले. यम्नानं अल ऐनच्या चुलतभावाकडून उंटाच्या बरगड्यांचा भलामोठा तुकडा आणला, कातड्यासकट. तो दोरीनं टांगला आणि मागे फोमचं जाड टार्गेट ठेवलं. घरी सुरमई साफ करताना वैभवीला कधी काही वाटलं नव्हतं, पण इथे तिनं तोंडाला ओढणी बांधली.

यम्नानं एकेक बाण मारला. हुमैदनं दिलेलं पातं धाडकन आदळलं, उघडलं आणि बरगडीत अडकून बसलं. त्याचं एक ब्लेड वाकलं होतं. तीन पात्यांचा बाण त्याहून खोल गेला, पण तोही अडकला. दोन धारांचा मात्र आरपार निघून मागच्या फोममध्ये रुतला. त्यांनी पुन्हा पुन्हा मारून पाहिलं, दर वेळी तेच. पाती उघडण्यातच बाणाचा बराचसा जोर खर्च होत होता, आणि यम्नाच्या धनुष्याकडे उधळायला जोर नव्हताच.

हे कळल्यावर हुमैद स्वतः क्लबात आला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, एवढीशी जखम झाली तर रक्त कमी पडणार. मग शोधणार कसं? बाण आरपार गेला तर दोन्ही बाजूंनी रक्त येईल, एवढंच वैभवी म्हणू शकली. तिचं तिलाच ते उत्तर तोकडं वाटलं. “इन्शाल्ला,” म्हणून तो निघून गेला.

यम्नानं तरीही दोन धारांचंच पातं न्यायचं ठरवलं. पुढचं काम मात्र वैभवीच्या हातचं होतं. नवं पातं लावलं की बाण डावीकडे जायचा. तिनं बाण बदलून जड घेतले, बाण ज्यावर टेकतो तो रेस्ट केसाकेसानं सरकवला, यम्नाची पकड सैल केली. शेवटी साध्या टोकाचे आणि पात्याचे बाण शेजारी शेजारी लागायला लागले. दगडावर पाती परजायला दोघी व्हिडिओ बघून शिकल्या. निनादला हे सगळं फारसं रुचलं नव्हतं. “तू कोच आहेस, तू कशाला त्या शिकारीच्या भानगडीत?” असं तो एकदा म्हणाला. हा प्रश्न तिलाही पडला होता. पण यम्ना जाणार हे ठरलेलंच होतं. मग नीट तरी जावं.

जून महिन्यात यम्ना गेली. एका शनिवारी मुलांचा क्लास सुरू व्हायला आणि वैभवीच्या फोनवर मेसेज यायला एकच गाठ पडली. ‘कुडूला बाण लागला. रक्त फार कमी. शोधतोय.’

पुढे काहीच नाही. वैभवीनं फोन लावला, लागला नाही. समोर मुलं रांगेत उभी होती. ती त्यांचे कोपर सरळ करत राहिली, तोंडानं सूचना देत राहिली, पण डोळ्यांसमोर झाडीत धापा टाकणारं जनावर दिसत होतं. हुमैदचं खरं ठरलं, असं मन सारखं म्हणत होतं. रुंद पातं असतं तर माग तरी लागला असता. आपण कोण, हा सल्ला देणारे? एका मुलानं “मिस, आर यू ओके?” असं विचारलं तेव्हा ती दचकली.

क्लास संपला, मुलं गेली, आणि ती बाण गोळा करत असताना फोन वाजला.

“सापडला,” यम्ना म्हणाली. “ऐकतेयस ना, कोच? सापडला.”

वैभवी तिथेच जमिनीवर बसली. यम्ना भरभर सांगत होती. रक्त खरंच नावाला होतं. माग काढणारे बाकीच्या कळपाच्या खुरांमागे पुढे गेले, पण कुडू कळपातून फुटून एका वारुळाला वळसा घालून तिथेच पडला होता, बाण लागल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. ते पुढे शोधत होते आणि तो मागे होता. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार. फार्मवाला म्हणाला, काही क्षणांत संपलं असणार. मांस आता कामगारांच्या घरी वाटलं जाणार.

मग फोन हुमैदनं घेतला. रक्ताचं मी म्हटलं होतं तसंच झालं, हे त्यानं आधी सांगून टाकलं. नंतर म्हणाला, “पण तुझं पातं बरोबर होतं. ती काल रात्री भीतीनं जेवलीसुद्धा नव्हती. आज जेवेल.”

फोन ठेवल्यावर वैभवीला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळ्यांत पाणी. जनावर मेलं याचा आनंद म्हणावा तर तो नव्हता. ते तडफडत कुठेतरी पडलेलं नाही, एवढंच. आणि तेवढ्यानं छातीवरचं ओझं उतरलं होतं.

निनाद आणि सृष्टी तिला न्यायला आले. अल मनखूलला जेवायला जायचं ठरलेलं होतं. गाडीत बसल्यावर तिनं निनादला थोडक्यात सांगितलं. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. शेख झायेद रोडला लागेपर्यंत तिला गाढ झोप लागली. मागून सृष्टीनं विचारलं, “बाबा, इज आई सिक?” नाही गं, दमलीय, असं तो हळूच म्हणाला. हॉटेलपाशी पोचल्यावर त्यानं गाडी सावलीत लावली, एसी तसाच चालू ठेवला आणि तिला उठवलं नाही.