तंबाखूच्या वखारीतला सूर्य

सकाळी दहाच्या सुमारास वखारीच्या दारापुढची रांग चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचली होती. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात ऑलिव्हची एक फांदी होती. कुणी ती ओल्या चादरीत गुंडाळून तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती, तर कुणी वर्तमानपत्रात बांधून काखेत मारली होती. एक म्हातारी आपल्या फांदीशी हळू आवाजात बोलत होती. ती काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही, पण फांदीवरची पानं टोकापासून देठापर्यंत भाजल्यासारखी तपकिरी झालेली मला दिसत होती, आणि त्या पानांना आता काही सांगून उपयोग नव्हता.

रांगेत माझे मामा पांतालेओ होते, त्यांच्या मागे नुन्झियाता मामी, आणि मामीच्या मागे मी. मी जवळच्या शहरातल्या कृषी शाळेत भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवते. मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. शिकलेल्या माणसानेही एकदा डोळ्यांनी बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या भागातल्या ऑलिव्हच्या झाडांना काही वर्षांपासून एक जिवाणू मारतो आहे. तो खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजवतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. गवतात थुंकीसारखा फेस करून राहणारा एक किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. यावर औषध नाही. उपाय आहेत ते कंटाळवाणे आहेत: वसंतात गवत कापायचं, मेलेलं झाड तोडायचं, आणि जुन्या खोडात जीव आहे तोवर त्यावर रोगाला दाद न देणाऱ्या जातीचं कलम करायचं. कलमाची वेळ ठरलेली असते. झाडात रस चढत असतो तोवरच साल खोडापासून सुटते. मामांची एक्केचाळीस झाडं उरली होती, सगळी त्यांच्या आजोबांच्याही आधीची, आणि सगळ्यांचे शेंडे जळायला लागले होते. कलम करणारा माणूस पुढच्या आठवड्यात यायचा होता.

त्याच्याआधी एव्हारिस्तो माल्दी आला.

हा उत्तरेकडचा कलावंत. लोक त्याला मायेस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणत आणि तो म्हणू देई. बंद पडलेली तंबाखूची वखार नगरपालिकेकडून घेऊन त्याने तिथे ‘अखेरचा सूर्य’ नावाची कलाकृती उभी केली होती. आत धुकं, टोकाच्या भिंतीवर दिव्यांचा प्रचंड गोल आणि छताला आरसे. हवामान बदलावरचं हे चिंतन आहे, असं दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं. तो तेवढ्यावर थांबला असता तर मी तिकीट काढून आनंदाने बघून आले असते. धुक्यातला पिवळा उजेड सुंदर दिसतो, हे मी नाकारत नाही. पण उद्घाटनाच्या दिवशी एका शेतकऱ्याच्या हातातली सुकी फांदी आत रुपेरी दिसली, शेतकरी रडला, आणि मायेस्त्रोच्या लक्षात आलं की या गावात कलावंत होण्यापेक्षा संत होणं सोपं आहे.

दारात आमचे फोन काढून घेतले. यंत्रांचा उजेड झाडांना दुखावतो, असं पांढऱ्या झग्यातल्या मुलीने सांगितलं. आतला नियमही तिनेच सांगितला: आणलेली फांदी आतच ठेवायची. झाड इथे बरं होतं, बाहेर नेलं की त्याला पुन्हा जगाचा ताप चढतो.

आत अंधार होता. मग गोल मंद गुलाबी उजळला आणि मायेस्त्रो बोलू लागला. आवाज चांगला होता. त्याने सांगितलं की झाड आजारी नाही, आपली नजर आजारी आहे. जिवाणू ही प्रयोगशाळांनी रचलेली गोष्ट आहे. हवामान म्हणजे पृथ्वीचा हुंदका आहे, आणि हुंदक्यावर करवत चालवत नाहीत. गवत कापू नका, कुरणाला श्वास घेऊ द्या. कलम करू नका, ते आपल्या आजोबाच्या धडावर परक्याचं डोकं शिवण्यासारखं आहे. मग त्याने सगळ्यांना डोळे मिटून झाडाची क्षमा मागायला सांगितलं.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मी घड्याळाकडे बघत होते. नऊ मिनिटांत गुलाबी गोल लाल झाला, मग शेंदरी, मग पूर्ण पिवळा. मायेस्त्रो याला पहाट म्हणत होता.

डोळे उघडले तेव्हा वखारभर एकदम श्वास घेतल्याचा आवाज झाला. फांद्यांवर कुठे तपकिरी रंग उरला नव्हता. धुक्याने पानं ओली आणि ताठ झाली होती, आणि ऑलिव्हच्या निरोगी पानाची खालची बाजू असते तशी फिकट, रुपेरी दिसत होती. मामा गुडघ्यांवर बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या आईच्या अंत्ययात्रेतही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी कलमवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर मी बोलले. वाटाण्या-वालांची घट्ट पेज आणि कडू पाला पुढे होता आणि कुणी खात नव्हतं. मी सांगितलं की मे संपत आला की साल सुटणार नाही, मग पुढच्या वर्षीची वाट बघावी लागेल, आणि पुढच्या वर्षी यातली बरीच खोडं सरपण झालेली असतील. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पोरी, तू डोळ्यांनी बघितलंस ना?”

“बघितलं, मामा.”

“मग झालं तर.”

गवतही त्यांनी कापलं नाही. ते गुडघ्यापर्यंत वाढलं, त्यातल्या फेसाच्या गोळ्यांमधले किडे मोठे झाले आणि झाडांवर चढले. शेजारच्या मळ्यातल्या माणसाने कुंपणावरून दोनदा शिव्या दिल्या. मामा त्याला म्हणाले, तुझी नजर आजारी आहे.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा मामी अंगणात बाकळ्याच्या शेंगा सोलत होती. ती फारशी बोलत नाही. बोलली तेही शेंगांकडे बघूनच.

“क्लेलिया, एक विचारू? त्या उजेडात आपलं पान कुठल्या ढिगात टाकायचं ते मला कळेना.”

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मामीने लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून एकोणतीस वर्षं त्याच वखारीत तंबाखू निवडली होती. बायका लांब टेबलांशी बसत आणि सुकलेलं एकेक पान रंगावरून वेगळं करत. सोनेरी एका ढिगात, मधासारखं दुसऱ्यात, तपकिरी तिसऱ्यात, हिरवट राहिलेलं टोपलीत. अकरा ढीग असत. काम फक्त उत्तरेच्या उंच खिडक्यांच्या उजेडात चाले. आभाळ दाटून आलं की मुकादमीण हात थांबवायला सांगे. दिवा लावून निवडलेली तंबाखू व्यापारी परत पाठवत, हे तिथल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी शिकवलं जाई.

“माझी नजर गेली असं वाटलं मला,” मामी म्हणाली. “कुणाला सांगितलं नाही. अकरा ढीग डोळे झाकून ओळखायची मी, आणि तिथे सगळी पानं एकाच ढिगातली.”

एवढी पुस्तकं वाचून मी जे सांगू शकले नव्हते, ते तिने शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं. त्या गोलातले दिवे सोडियमचे होते. पूर्वी महामार्गांवर लावत तेच. ते सुरू होताना गुलाबी असतात आणि तापायला मिनिटं घेतात, म्हणून ती ‘पहाट’. तापले की त्यांच्यातून जवळजवळ एकाच रंगाचा उजेड येतो, पिवळा. आणि वस्तूवर एकच रंग पडला तर ती एकच रंग परत देऊ शकते, कमी किंवा जास्त. हिरवं, तपकिरी, तांबडं हे भेद तिथे उरतच नाहीत. सुकं पान थोडं फिकट दिसतं, आणि फिकट म्हणजे ऑलिव्ह बघायला सरावलेल्या डोळ्यांना रुपेरी. झाड बरं होत नव्हतं. रोग दिसायचा बंद होत होता.

मी हे मामांना जेवताना समजावलं. कागदावर आकृती काढली. त्यांनी कागदाची घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली.

रविवारी नगराध्यक्ष कोझिमो वखारीत येणार होते. झाडतोड आणि कलमं वर्षभर थांबवावीत असा ठराव गावाने मायेस्त्रोच्या सूर्यासमोर हात वर करून करायचा, असं ठरलं होतं. मामी म्हणाली, चल, आपणही जाऊ.

दुपारचे बारा वाजले होते. पहाट झाली, डोळे मिटले, उघडले, लोक भारावले. भिंतीलगत फांद्यांची रास आता छातीइतकी उंच झाली होती. कोझिमो पुढे आले. छातीवर हिरवा, पांढरा, लाल असा राष्ट्रीय पट्टा होता, अशा प्रसंगी नगराध्यक्ष घालतात तो. मी हात वर केला आणि विचारलं, साहेब, तुमच्या पट्ट्यात हिरवा रंग कुठल्या बाजूला आहे ते सांगाल का.

ते हसत खाली बघायला गेले आणि तसेच राहिले. पट्टा मध्ये उजळ आणि दोन्ही कडांना काळपट दिसत होता. त्यांनी तो जरा वर उचलून पाहिला.

“मास्तरीणबाई, ही चेष्टेची जागा नाही,” ते म्हणाले.

मागून कुणीतरी विचारलं, कोणत्या देशाचे नगराध्यक्ष म्हणायचे तुम्हाला, आणि काही लोक हसले. मायेस्त्रो हसला नाही. त्याने दोन्ही हात पसरले.

“इथे रंग गळून पडतात, कारण रंग हा अहंकार आहे. शास्त्राला पान दिसतं. मला पानाचं स्मरण दिसतं.”

“मला नुसतं पान दाखवा,” मामी म्हणाली.

तिचा आवाज लहान होता, पण ती जिथून बोलली तिथे कुणी तिला पाहिलं नव्हतं. ती उत्तरेच्या भिंतीपाशी गेली होती. तिथे पांढरा पडदा सोडलेला होता. मायेस्त्रोच्या माणसांनी खिडक्यांची झडपं फक्त लावून घेतली होती. ती काढून टाकण्याचा किंवा बुजवण्याचा त्रास घेतला नव्हता, कारण ती उघडता येणारं कुणी गावात असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मामीने पडद्यामागे हात घातला, भिंतीतला लोखंडी दांडा चाचपून धरला आणि फिरवू लागली. साखळी करकरली.

“बाई, थांबा,” मायेस्त्रो म्हणाला. “तुम्ही त्यांना मारताय.”

मामी थांबली नाही. छताजवळ एकेक करून सात झडपं उघडली आणि मे महिन्यातल्या दुपारचा उजेड तिरका खाली आला. धुक्यात त्याचे सात पट्टे स्पष्ट दिसत होते. जिथे ते पडले तिथे कोझिमोंचा पट्टा तिरंगी झाला, एका बाईचा झगा निळा झाला, आणि फांद्यांची रास तपकिरी झाली. सगळी रास. तिच्यात हिरवं एक पान नव्हतं. तळाच्या फांद्यांना बुरशी चढली होती.

मायेस्त्रो म्हणत होता की हे बाहेरच्या उजेडाने आत्ता केलं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. मामी रास उपसत होती. तिने आमची फांदी शोधून काढली. मामांनी तिला लाल दोरा बांधला होता आणि तोही आता लाल दिसत होता. ती फांदी घेऊन ती सूर्याच्या गोलासमोर गेली, मग खिडकीच्या पट्ट्यात आली, पुन्हा गोलासमोर गेली. पाच वेळा. रुपेरी, तपकिरी, रुपेरी, तपकिरी. मामा बघत होते. आत्ता मेलेली फांदी पुन्हा पिवळ्यात नेली की जिवंत होत होती आणि परत आणली की मरत होती, आणि हे कुणाच्याही क्षमेशिवाय होत होतं.

“मायेस्त्रो,” मामी म्हणाली, “आमच्या मुकादमिणीने तुम्हाला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.”

सगळे शहाणे झाले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. काही जण आपापल्या फांद्या शोधू लागले. काही जण मामीवर ओरडले. रांगेत फांदीशी बोलणारी ती म्हातारी माझ्याजवळ आली आणि माझी बाही धरून म्हणाली, पोरी, बंद कर ना ती खिडकी, थोडा वेळ. मायेस्त्रोबद्दल मला फक्त किळस वाटते. त्या म्हातारीला मात्र मी काय सांगायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

ठराव झाला नाही. कोझिमो पट्टा काढून मागच्या दाराने गेले.

मामा थेट घरी गेले. मग त्यांनी कलमवाल्याला फोन केला आणि आपणहून माफी मागितली. तो दुसऱ्या दिवशी आला. त्याने एकेका खोडाला चाकूने चीर पाडली आणि पातं आत सरकवून साल उचलून बघितली. उन्हाळा चढला होता. सतरा झाडांची साल सुटली. चोवीस झाडांची साल खोडाला चिकटून राहिली आणि चाकूखाली तुकड्यांनी निघाली.

“तीन आठवड्यांपूर्वी आला असता तर किती?” मामांनी विचारलं.

कलमवाला माझ्याकडे बघून मग म्हणाला, “तिसाच्या वर, काका.”

सतरांवर कलमं बांधली. सगळी लागतीलच असं नाही. उरलेली पुढच्या वर्षापर्यंत तगणार नव्हती; ती मामांनी स्वतः तोडली, कुणाला हात लावू दिला नाही.

जूनमध्ये मायेस्त्रोने शेजारच्या गावात एका बंद पडलेल्या वाइनच्या कोठारात सूर्य लावला. पहिल्याच दिवशी रांग लागली. मामा बसने तिथे गेले आणि दारापासून थोडं अलीकडे, भर उन्हात उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या फांदीचा रंग विचारत होते आणि तो एका कागदावर लिहून घ्यायला सांगत होते. बाहेर आल्यावर फांदी मागून घ्या, म्हणत होते, दिली नाही तर का दिली नाही ते विचारा. बहुतेकांनी त्यांना वेडा म्हटलं. एकाने धक्का दिला. मी दुपारी त्यांना आणायला गेले तेव्हा दोन माणसं रांगेतून बाहेर पडून त्यांच्यापाशी थांबली होती आणि कलम किती तारखेपर्यंत करता येतं ते विचारत होती.

झाडं मरताहेत हे खरं आहे. हिवाळे पूर्वीसारखे थंड राहिलेले नाहीत आणि या रोगाला ते मानवतं, हेही खरं आहे. पण दुःख खरं आहे म्हणून त्यावर विकला जाणारा उपाय खरा ठरत नाही. तुमच्या गावात असा कुणी आला, तर भक्ती करण्याआधी एक साधी गोष्ट करा. तो ज्याला स्पर्श करू देत नाही त्याला स्पर्श करा, आणि तो जे तपासू देत नाही ते आधी तपासा. त्याला राग आला, तरी तपासणं थांबवू नका.