चकचकीत बंपर आणि न वाकणारी मान

मंगळवार, १२ मार्च. सकाळी नऊ वाजून सात मिनिटे. लाल दिव्याशी थांबलेल्या गाड्या पाच, मागून आलेली सहावी, आणि बसलेला धक्का एक.

मित्रांनो, मी एक जुना बंपर आहे. त्या पाचव्या, छोट्या निळ्या गाडीचा मागचा बंपर. कारखान्यात तापलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून मला घडवले आणि एका पोलादी पट्टीवर बसवले. मार बसला की आत जायचे आणि मार ओसरला की शक्य तेवढे बाहेर यायचे, हा माझा गुणधर्म. लोक त्याला टणकपणा समजतात. वास्तविक तो लवचीकपणा आहे. मी पूर्ववत झालो म्हणून धक्का नाहीसा होत नाही. तो आतल्या पट्टीकडे जातो, पट्टीकडून सांगाड्याकडे, तेथून आसनाकडे आणि शेवटी आसनावर बसलेल्या माणसाकडे.

आमच्या आसनावर रफूकाम करणाऱ्या बाई होत्या. फाटलेल्या कापडात त्या असे धागे भरत, की फाटले कोठे होते हे गिऱ्हाइकाला शोधूनही सापडत नसे. दिवसभर मान खाली घालून करायचे ते काम.

सहाव्या गाडीतले गृहस्थ उतरले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "ब्रेकवरून पाय सटकला हो. नशीब, फार काही झालं नाही."

बाईही माझ्याकडेच पाहत "असू दे, ठीक आहे," म्हणाल्या. माझ्या उजव्या कोपऱ्यावर बशीएवढा खळगा पडला होता. त्यांची मान दुसऱ्या दिवशी सकाळी आखडली.

फाटके, मळके, चेपलेले काही चारचौघांत दाखवायचे नाही, हा त्या घराचा दंडक. विमा कंपनीचा तपासनीस शनिवारी येणार असे समजताच बाईंचे यजमान शुक्रवारी किटलीभर उकळते पाणी घेऊन माझ्यापाशी आले.

"अहो, हे काय आरंभलंय?" बाईंनी खिडकीतून विचारले.

"परका माणूस येणार, त्याला गाडी अशी चेपलेली दाखवायची? म्हणेल, रफूवालीच्या घरचीच गाडी फाटकी!"

बाई हसल्या आणि मान धरून कळवळल्या. पाणी पडले, यजमानांनी आतून हात घालून नेट लावला आणि खळगा टपकन बाहेर आला. वर त्यांनी मेण चोळले. अहो, पुरावा पुसताय, असे मला ओरडावेसे वाटत होते. पण बंपरला कंठ कुठला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! शनिवारी तपासनीसाने माझे फोटो काढले, माझी तारीफ केली आणि तो गेला. मला उतरवून आत डोकावण्याची तसदी त्याने घेतली नाही. आतली पट्टी तीन बोटे वाकलेली होती.

पुढे भरपाईसाठी दोन वर्षे दावा चालला. अर्धा तास वाकले की बाईंच्या बोटांना मुंग्या येत. सुई हातातून गळे. काम निम्म्यावर आले. त्यांच्या वकिलांना उशिरा सुचले, तेव्हा गॅरेजवाल्याने मला उतरवले, आणि वाकलेल्या पट्टीसह मी न्यायालयाच्या टेबलावर जाऊन पडलो.

समोरच्या वकिलांनी माझा फोटो उंच धरला. "बाई, या बंपरात तोंड पाहून भांग पाडावा, अशी चकाकी आहे. आणि तुमची मान मोडली?"

"मोडली असं नाही म्हणत मी. वाकत नाही म्हणते," बाई म्हणाल्या. "मोडली असती तर तुम्हालाही दिसली असती."

सगळे हसले. हसण्याची नोंद होत नाही, फोटोची होते.

यजमान उभे राहिले. "साहेब, खळगा होता. मीच काढला."

"म्हणजे पुराव्यात फेरफार तुम्ही केलात!"

यजमान मटकन खाली बसले. उरली पट्टी. "दोन वर्षांत ती दुसरीकडे कुठे वाकली नसेल कशावरून?" समोरच्या वकिलांनी विचारले. उत्तर माझ्यापाशी होते. मी टेबलावर होतो आणि मला कोणी विचारले नाही. माझ्याबद्दल मात्र काडीचा वाद झाला नाही. नव्या बंपरची किंमत समोरच्यांनी मोठ्या उदारपणे मान्य केली.

निकालानंतर बाकावर बसून यजमान म्हणाले, "माझ्याच हातानं घालवलं गं मी तुझं."

"घालवलं कसलं? तुम्ही रफूच केलंत," बाई मान न वळवता म्हणाल्या. "जागा तेवढी चुकली."

मित्रांनो, आता मी गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. येणारा-जाणारा म्हणतो, बंपर चांगला आहे की! हे ऐकले की माझा अजून संताप होतो. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. तुम्हाला कोणी दुखते म्हटले, तर बाहेरची चकाकी पाहून त्याला खोटे ठरवू नका; आधी आत पाहा. आणि घाव पाहून होण्याआधी तो पुसू नका, मायेनेसुद्धा.

निकाल असा : मागितलेल्या भरपाईपैकी बंपरपोटी मंजूर, शंभर टक्के. मानेपोटी मंजूर, बारा टक्के.