ग्लासात तयार होणारं रक्त

पिपरी मेघेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर रक्तेश्वर महाराजांनी दुधासारखं पांढरं ‘तीर्थ’ रिकाम्या ग्लासात ओतलं आणि ते बघता बघता लाल झालं.

“पाहा! ग्लासात रक्त बनते, तं देहात काऊन नाई बनणार? सुई सोडा, मशीन सोडा, तीर्थ घ्या!”

गर्दीत वडनेरचे रूपराव होते. त्यांच्या पत्नीचं, देवकाबाईंचं, डायलिसिस चालू होतं. रक्तवाढीची इंजेक्शनं घेऊनही हिमोग्लोबिन हलत नव्हतं. अंगण ओलांडलं तरी धाप लागायची. रूपरावांचा धीर सुटला होता. त्यांनी तीर्थ आणलं आणि लेकीला न सांगता पाजायला लागले.

लेक मोहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. ती माहेरी आली, तर आई भरदुपारी गुंगीत.

“माय, डोळे उघड न!”

“मले हातच उचलत नाई वं...”

नाडी मंद लागत होती. रूपराव नुसते येरझारा घालत होते.

“बाबा, काय पाजलं हिले? खरं सांगा!”

त्यांनी तीर्थाची बाटली पुढे केली.

दवाखान्यात डॉक्टर चारुतांनी रिपोर्ट पाहिला आणि लगेच डायलिसिस सुरू केलं. “काका, रक्तात मॅग्नेशियम भयंकर वाढलंय. या बाटलीतलं तीर्थ म्हणजे पोट साफ करायचं साधं औषध, मॅग्नेशियमचंच. आपली मूत्रपिंडं जास्तीचं बाहेर टाकतात, काकूंची टाकत नाहीत. हृदय बंद पडलं असतं.”

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट काढून रूपरावांपुढे धरला.

“आधी त्यांचं मॅग्नेशियम कमीच होतं. अशा काही रुग्णांत रक्तवाढीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही, असं दिसतं. म्हणून डायलिसिसच्या पाण्यातून मी ते थोडं वाढवणार होते. पण मोजून, काका. तपासून.”

आईनं हात हलवला, तेव्हा मोहिनीच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन थेट महाराजांच्या मंचावर चढली. स्वतःच्या ग्लासात तिनं तेच तीर्थ ओतलं. पांढरंच राहिलं.

“आता महाराजांच्या ग्लासात ओतते.” लाल! तिनं त्यात लिंबू पिळलं, पिळतच राहिली. रंग उडाला.

“लिंबानं रक्त नाहीसं होते काय? ग्लासाच्या तळाले रसायन लावलं हाये. हे औषध लागलं का ते लाल होते, आंबट पडलं का रंग जाते. आमच्या शाळेत पोरं रोज हाच प्रयोग करतात!”

“नास्तिक बाई! शाप लागंल!” म्हणत महाराज मागच्या मागे गाडीकडे सरकले. लोकांनी वाट अडवली.

रूपरावांनी माईक घेतला.

“मी अडाणी नाई, बापहो. घाबरलो होतो, म्हणून विचारलं नाई. तुमी विचारजा. डॉक्टरले विचारा, महाराजले विचारा, बाटलीत काय हाये ते विचारा. विचारल्यानं देव कोपत नाई. न विचारता पाजलं, तं माणूस जाते.”