अकरा कोपऱ्यांची दवंडी

बत्तीस वर्षं मी गावाचा कोतवाल होतो. तलाठ्याचे कागद पोचवायचे, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या आणि गळ्यात डफडं अडकवून दवंडी द्यायची. दवंडीचं काम लोक हलकं समजत. समजोत बापडे. पण जळगावजवळच्या असोद्याच्या पलीकडच्या आमच्या गावात ‘झिपरूने सांगितलं म्हणजे झालं’ असं बाया चुलीपुढून म्हणत, आणि ते ऐकून माझी छाती फुगायची. आजही फुगते, लपवू कशाला?

माझी नात डिंपल धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात शिकून आली आणि ‘केळीपट्टा लाईव्ह’ या मोबाईलवरच्या चॅनेलसाठी बातम्या द्यायला लागली. हातात लाल माईक, आवाज खणखणीत. आवाज माझ्यावर गेलाय. मी पारावर तिचं कौतुक सांगायला लागलो की माझ्या शेजारी बसणारा केळीवाला अभिमन हमखास नाक मुरडायचा.

“बातमीवाले सारे इकाऊ, झिपरूभाऊ. म्या त पेपर बी सोडला. आता नुसते केळीचे फोटो पाहातो.”

“माही नात तशी नही,” मी म्हणायचो. चिडून म्हणायचो.

आणि सोमवारी तिने बातमी दिली, थेट आमच्याच शाळेची. पोरांच्या खिचडीत अळ्या! अळ्यांचा फोटो आणि खाली स्वयंपाक करणाऱ्या सुनंदाबाईचं नाव. संध्याकाळपर्यंत गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मंगळवारी निम्म्या पोरांनी घरून डबे नेले. सुनंदाबाईला कामावरून काढायचं का, हे ठरवायला शनिवारी शाळा समितीची बैठक लागली. नवरा गेलेली बाई, घरी म्हातारी सासू, नऊ वर्षं त्या शेगडीपुढे राबलेली. ती कुणाशी भांडली नाही. दार लावून बसली.

मंगळवारी संध्याकाळी मी तो फोटो चष्मा लावून नीट पाहिला. पातेल्यामागे निळ्या फरशीची भिंत होती. आमच्या शाळेत खिचडी शिजते पत्र्याच्या शेडमध्ये.

“तू शाळेत गेली व्हती का?” मी डिंपलला विचारलं.

“आबा, मोबाईलवर फोटो आला होता. त्यावर गावाचं नाव होतं.”

“म्या इचारलं, तू गेली व्हती का?”

शाळा आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे.

तिने तिथल्या तिथे जळगावला चॅनेलच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, “उडवून टाक. चूक कबूल केली तर उद्या आपल्यावर विश्वास कोण ठेवणार?” तिने बातमी उडवली आणि मला म्हणाली, “काढली आबा.”

माझं डोकं सटकलं. “मोबाईलमधून काढली. गावाच्या कानातून कोन काढीन?”

ती रडकुंडीला आली, पण मी थांबलो नाही. तिला माझी फजिती सांगितली. एकदा गुरांच्या लसीची दवंडी मी बुधवारची देऊन बसलो होतो. तलाठ्याला न विचारता, चहाच्या टपरीवर ऐकलेलं धरून. डॉक्टर येणार होता मंगळवारी. कळलं तेव्हा भर दुपार होती. तसाच उठलो आणि ज्या अकरा कोपऱ्यांवर चुकीचं सांगितलं, त्याच अकरा कोपऱ्यांवर पुन्हा उभा राहिलो. ‘सकाळी झिपरूने सांगितलं ते खोटं होतं हो!’ माणसं पोट धरून हसली, पोरांनी मागे फिरून नकला केल्या. पण त्यानंतर माझी दवंडी ऐकून कुणी शेजाऱ्याला ‘खरं का रे?’ असं विचारलं नाही.

एवढं सांगून मी झोपलो. तू हेच कर, असं म्हणालो नाही. तिचं तोंड, तिची लाज. तिचं तिनेच ठरवायचं.

बुधवारी सकाळी उठलो तर खुंटीवर डफडं नाही. स्वयंपाकघरात डिंपल ते गॅसवर शेकत उभी. चामडं ढिलं पडलं की शेकून ताणावं लागतं, हे तिने लहानपणी पाहिलेलं. लाल माईक मालकाला परत द्यायच्या पिशवीत जाऊन पडला होता.

“आबा,” ती म्हणाली, “पहिला कोपरा कोणता?”

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्यांना शिव्या देत मी तिच्या मागे निघालो.

डफडं तिला धड वाजवता येत नव्हतं. पण आवाज! “ऐका हो ऐका! मी झिपरू कोतवालाची नात डिंपल. सोमवारी खिचडीची बातमी मी दिली, ती खोटी होती. फोटो आपल्या शाळेचा नाही. मी शाळेत गेले नव्हते, न बघता बोलले. सुनंदाबाईंची काही चूक नाही.”

मारुतीच्या पारावर लोक हसले. दूध डेअरीपाशी हसले नाहीत, मोबाईल काढून तिलाच टिपायला लागले. केळीच्या वजनकाट्यावर अभिमन होता. तो ओरडला, “आता ह्याचे किती भेटले वो, बाई?”

माझी काठी वर गेली होती. डिंपलने ती खाली केली आणि अभिमनच्या समोर उभी राहून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. अभिमनने मान खाली घातली. त्याच्या शेजारी शाळा समितीचा अध्यक्ष शालिग्राम गाडी भरून घेत होता. तो म्हणाला, “शनिवारची बैठक रद्द समजा, झिपरूभाऊ.”

अकरावा कोपरा सुनंदाबाईच्या दारापुढे. तिथे मात्र पोरीचा आवाज बसला. दार किलकिलं झाल्यावर ती कसंबसं पुटपुटली, “मावशी, माझं चुकलं.”

सुनंदाबाईचं माहेर धुळ्याकडचं, अजून अहिराणी बोली सुटली नाही, सगळ्याला ‘बठ्ठा’च म्हणते. ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. “बठ्ठा गावले जोरमा सांगं ना? मंग मना दारपुढे बी तेवढंच जोरमा सांग.”

डिंपलने डफडं वाजवलं आणि सगळं सांगितलं, दहा कोपऱ्यांवर सांगितलं त्याहून मोठ्याने. आतून सासूचा खोकला ऐकू आला. सुनंदाबाईने डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि दाराला कडी घातली.

“दहा वाजनात. खिचडी टाकनी शे,” ती म्हणाली. दोन पावलं गेली, थांबली, वळून डिंपलकडे पाहिलं. “चाल मनासंगे. आते तरी देखी ले.”

डिंपल गळ्यात डफडं घेऊन तशीच तिच्या मागे शाळेकडे गेली.

मी परत पारावर येऊन टेकलो. अभिमन तिथे येऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, “नात कुठी गेली, झिपरूभाऊ?”

मी काठी बाजूला ठेवली, टोपी सारखी केली आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल असं सांगितलं, “बातमी आनाले गेली.”