अकरा दिवसांचा फरक

आई दोनदा गॅस चालू ठेवून शेजारी गप्पा मारायला गेली आणि अक्षदा धास्तावली. मावशीचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला स्वतःची लेक ओळखू येईना. पण आईला, म्हणजे मालनबाईंना, "चल, डॉक्टरकडे जाऊ" म्हणायची परळच्या त्या अख्ख्या चाळीत कोणाची टाप होती?

अक्षदा पडली प्रोग्रामर. तिने फोनवर डॉक्टरची शनिवारची वेळ घेतली आणि तोवर आईची आठवण तपासायला प्रोग्रामच लिहिला. आईच्या मोबाइलमधले गेल्या वर्षीचे फोटो घेतले आणि म्हणाली, "आई, अल्बम करतेय. प्रत्येक फोटोखाली तारीख टाक." आईने टाकलेली तारीख आणि फोटोची फाइल तयार झाल्याची तारीख प्रोग्राम मुकाट्याने ताडून बघणार. जुळली तर हिरवं, नाही तर लाल. लबाडीच ती, पण मायेपोटी केलेली.

संध्याकाळी बघते तर होळी लाल, नारळी पौर्णिमा लाल, गणपती लाल! अक्षदाला रडूच फुटलं. मग डोळे पुसून ती पुन्हा स्क्रीनसमोर बसली. कॉपी करताना फाइलची तारीख बदलली असेल? छे, मग सगळीकडे आजचीच दिसली असती. मोबाइलचं घड्याळ चुकलं? मग थोरल्या मयूरदादाच्या साखरपुड्याचा फोटो हिरवा कसा? आणि गंमत म्हणजे, लाल झालेल्या प्रत्येक फोटोत आईची तारीख बरोबर अकरा दिवस आधीची. विसरणारं माणूस असं मोजूनमापून चुकतं होय?

"आई, गणपती सत्तावीस ऑगस्टला आले, हे कशावरून टाकलंस?"

"कशावरून म्हंजे? कॅलेंडर बघून!" मालनबाईंनी लाटणं भिंतीकडे रोखलं.

भिंतीवर यंदाचं कॅलेंडर होतं. अक्षदाने कपाळावर हात मारला. गेल्या वर्षीचं शोधलं, तर त्याची पानं मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेली. सप्टेंबरचं पान ओढून काढलं. गणेश चतुर्थी सात तारखेला, फाइल सांगत होती तीच. आईने सण एकूण एक अचूक ओळखले होते, फक्त तारखा यंदाच्या घातल्या होत्या, आणि यंदा हे सण अकरा दिवस आधी आले होते. साखरपुड्याची तारीख तेवढी तिला तोंडपाठ होती.

"अगं बाई, तू तर ठणठणीत आहेस!" अक्षदा आईच्या गळ्यातच पडली.

"मग शनिवारी डॉक्टरकडे जावचा नाय ना?"

अक्षदा चपापली. "तुला कोणी सांगितलं?"

"फोनवर बोलतंस ता अख्ख्या चाळीक ऐकू जाता." मग मालनबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "माका पण भ्या वाटत होता गो. ताईसारखा माझा होतला की काय! म्हणान एकेक तारीख दोन-दोनदा कॅलेंडरात बघून घातलंय."

अक्षदाने तिला आणखी घट्ट धरलं. कितीतरी वेळ दोघी तशाच उभ्या राहिल्या. चपाती करपल्याचा वास आला तेव्हा कुठे दोघींना एकदमच गॅसची आठवण झाली.