मालिशवाल्याचा भाऊ

"हात पुढे कर," फिदेन्सियो म्हणाला.

"कशाला? मला काही झालेलं नाही."

"तामालेवरचं मक्याचं पान सोलताना तुझी बोटं बघितली मी. कर पुढे."

निकान्द्रोने उजवा हात मालिशच्या टेबलावर ठेवला. शिकागोतल्या हॉटेलची ही खोली मेक्सिकोतल्या मेस्कितालच्या फुटबॉल क्लबने खेळाडूंच्या मालिशसाठी घेतली होती. संध्याकाळी पोर्तुगालच्या एका क्लबशी सामना. हंगामाआधीची नुसती दाखवायची स्पर्धा, हरलं-जिंकलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण तेवढ्यासाठी निकान्द्रोच्या गावचा क्लब सरहद्दीच्या अलीकडे आला होता आणि क्लबबरोबर त्याचा मालिशवाला, निकान्द्रोचा धाकटा भाऊ.

एकोणीस वर्षांनी भेट होत होती. निकान्द्रोकडे अमेरिकेत राहायचे कागद नव्हते. एकदा मेक्सिकोला गेला असता तर परत येता आलं नसतं, आणि बायको ओरालिया, दोन मुली, लॉंड्रीतली नोकरी, सगळं इथे होतं. आई गेली तेव्हा लॉंड्रीच्या मागच्या दारात उभं राहून त्याने फोनवर अंत्ययात्रा पाहिली. जेवणाची सुट्टी संपल्यावर आत जाऊन दवाखान्यांच्या चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रुळांतून ओढू लागला. रडू आलं नाही. त्यानंतर कशानेच आलं नाही. मघाशी खाली दारात भावाला मिठी मारली तेव्हा आत काहीतरी हलेल असं त्याला वाटलं होतं. "टक्कल पडलं की रे तुला," एवढंच तो बोलला.

फिदेने तळहातात अंगठा रुतवला. "लागतंय?"

"नाही."

"इथे?"

"कळत नाही. चादरी ओढून होतं असं. आमच्याकडे सगळ्यांनाच."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"डॉक्टरांच्याच चादरी धुतो मी."

फिदे हसला. निकान्द्रोने खिडकीकडे पाहिलं. एक प्रश्न फोनवर कधी विचारता आला नव्हता.

"आई माझं नाव घ्यायची का रे?"

अंगठा थांबला. "रोज. शेवटी शेवटी मलाच निका म्हणायची. घरात शिरलो की, आलास निका? जेवलास का?"

"मग तू काय म्हणायचास?"

"आधी सांगायचो, आई, मी फिदे. मग घाबरायची बिचारी. कुणी परका घुसलाय अशी बघायची. शेवटी सोडून दिलं. म्हटलं, हो आई, आलो."

"आणि तुझी आठवण?"

"यायची की! दाराकडे बघत बसायची. म्हणायची, फिदे गेला उत्तरेला, एक फोन करत नाही मेला. मी म्हणायचो, कामात असेल, येईल. तर माझाच हात धरून सांगायची, तू तरी राहिलास रे बाबा."

फिदेने हे असं सांगितलं जसं शेजारच्या घरातलं सांगावं. नऊ वर्षं आईला त्याने न्हाऊ घातलं होतं, भरवलं होतं, रात्री कूस बदलून दिली होती. निकान्द्रोला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाला, "अजून एक तामाले खा. ओरालियाने तुझ्यासाठीच केलेत."

तेवढ्यात दारात टॉवेल गुंडाळलेला एक खेळाडू आला. "फिदेकाका, पोटरी धरलीये. बघता का?"

"ये, झोप." फिदेने भावाचा हात सोडला. "दोन दिवस बरं वाटेल निका. मग परत होईल. सामना संपला की आमची बस थेट विमानतळावर. हे तिकीट घे. वरची जागा आहे, पण दिसतं."

संध्याकाळी स्टेडियममध्ये वरून खरंच दिसत होतं, फक्त माणसं बोटाएवढी. उत्तरार्धात तोच खेळाडू पोटरी धरून पडला. पंचाने खूण केली आणि बाकावरून फिदे धावत निघाला. पिशवी मांडीवर आपटत होती, पोट हलत होतं.

"ए म्हाताऱ्या, पळ की!" निकान्द्रोच्या शेजारचा क्लबच्या जर्सीतला एकजण ओरडला. "टॅक्सी पाठवू का?"

भोवतालचे खदखदून हसले. मोठ्या पडद्यावर क्षणभर पोटरी दाबणारे दोन हात दिसले, चेहरा नाही. मग बिअरची जाहिरात आली.

निकान्द्रो उठून उभा राहिला.

"फिदे!"

मग अख्खं नाव. संध्याकाळी जेवायला बोलावताना आई गल्लीच्या तोंडाशी येऊन घ्यायची तसं, लांबवून. "फिदेन्सियो!"

शेजारचा वरमला. "ओळखीचे आहेत?"

"भाऊ आहे माझा."

"इथून नाही हो ऐकू जायचं त्यांना."

"माहीत आहे," निकान्द्रो म्हणाला आणि त्याने पुन्हा हाक मारली.

खाली खेळाडू उठला, दोन पावलं लंगडला, पळू लागला. टाळ्या वाजल्या. फिदेने गवतावरची पाण्याची बाटली उचलली, पिशवी खांद्याला लावली, आणि कडेकडेने चालत जाऊन बाकाच्या अगदी टोकाला बसून हात पुसू लागला.