सरकारी वकिलांच्या दारातला बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. खडेबाजारातल्या ज्योतिबा सुताराने मला घडवले आणि बेळगावच्या कोर्टात सरकारी वकिलांच्या खोलीबाहेर माझी जागा ठरली. ते दिवस फार चांगले होते. मार खाल्लेली, लुबाडलेली, साक्षीला आलेली कितीतरी माणसे माझ्यावर टेकली.

वडगावची मालुबाई मला अजून आठवते. तिच्या दिराने शेजारच्या भावकूचा हात मोडला होता. भावकू विणकर, हातावर पोट असलेला. मारहाण पाहिली होती ती एकट्या मालुबाईने. साक्षीच्या दिवशी ती माझ्यावर बसली खरी, पण लगेच उठली.

"मी जातो बाई. दिराविरुद्ध बोललो तर घरात घेनार न्हाईत."

विनोदिनी मॅडम बाहेर आल्या. त्या खालच्या कोर्टातल्या सहायक सरकारी वकील. त्या तिच्याशेजारी बसल्या.

"तुमी पोलिसांच्या वकील न्हवं?" मालुबाईने विचारले.

"नाही हो आक्का. पोलीस तपास करतात. आम्ही खटला चालवतो, आमचं खातं वेगळं. इथे आम्ही, वरच्या सेशन कोर्टात दुसरे सरकारी वकील, जिल्ह्याला उपसंचालक आणि सगळ्यांच्या वर बेंगळुरूचे संचालक. एवढी माणसं आहेत, पण पाहिलंय ते तुम्हीच."

मालुबाईने पदर सावरला. मग ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि जे पाहिले ते सांगितले.

तरीही दीर सुटला. त्या दिवशी मॅडम बराच वेळ खोलीतून बाहेर आल्या नाहीत. पण त्यांनी निकाल कुठे चुकला ते वर कळवले, अपिलाची परवानगी आली आणि सेशन कोर्टात दुसऱ्या सरकारी वकिलांनी खटला लढवला. तिथे दीर दोषी ठरला.

निकाल ऐकायला मालुबाई माहेराहून आली होती. सासरचे दार तिला बंद झाले होते. भावकूने माझ्यावर बसून डाव्या हाताने डबा उघडला.

"आक्का, भाकरी खा. माझ्यासाठी लई सोसलंस."

ती खाता खाता रडली.

आता तिथे लोखंडी खुर्च्या आल्या आहेत. माझा एक पाय डुगडुगतो आणि मी जिन्याखाली पडून असतो. चार खिळे मारलेत तर अजूनही उपयोगी पडेन. पण मित्रांनो, माझ्या डागडुजीपेक्षा मोठे काम तुमच्याकडे आहे. तुमच्या घरचे कोणी कोर्टात खरे बोलून परत आले, तर त्याला आत घ्या.